शेहेचाळीस कड्या

झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी माझ्या धाकट्यानं भिंतीवरच्या कागदी साखळीची शेवटची कडी फाडली, चुरगाळून टोपलीत टाकली आणि माझ्यापुढं हात केला. "संपलं. झाला ईस्टर. अंडं दे."

तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ईस्टरला अजून आठवडा होता. प्रभुभोजनाचा गुरुवार, उत्तम शुक्रवार, सगळं व्हायचं बाकी. मी कॅलेंडर काढलं, बोटांवर मोजलं आणि मग माझीच मला लाज वाटली. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, दिवस चाळीस, हे मी इतकी वर्षं संडे स्कूलमध्ये पोरांकडून घोकून घेते. पण त्या चाळिसांत रविवार धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नसतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत एकेक दिवस मोजला तर शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार काढले की राहतात चाळीस. मी चाळीस कड्यांची साखळी केली होती आणि पोरानं रविवारीसुद्धा इमानानं कडी फाडली होती. टीचरचं गणित चुकलं, पोराचं नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून आणखी सहा कड्या केल्या. जांभळा कागद संपला होता, म्हणून वहीच्या पांढऱ्या पानाच्या. चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "मम्मी, रविवारच्या पांढऱ्याच करायच्या ना मग." तेव्हापासून आमच्या घरी साखळी शेहेचाळीस कड्यांची असते, चाळीस जांभळ्या आणि सहा पांढऱ्या. लेंट म्हणजे काय हे मी त्याला कितीतरी वेळा समजावलं होतं. त्याला ते कळलं त्या सहा पांढऱ्या कड्यांमुळं.

आईबाबांनो, आज तुमच्याशी बोलायचंय ते याच कागदाबद्दल. चिंचोळी एमआयडीसीच्या आसपास, कोंडी-पाकणीच्या बाजूला राहणारी आपली दहा-बारा घरं. देऊळ सोलापुरात, पुणे हायवेनं पंधरा-वीस किलोमीटर. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची नाईट, आणि कारखान्याची सुट्टी रविवारीच येईल असं नाही. पप्पा महिन्यातून एखाद्या रविवारी उपासनेला दिसतात. मम्मी येतात, पण त्याही टॉवेलच्या युनिटमध्ये शिलाई-पॅकिंग करून आठवडाभर थकलेल्या. तुमच्यातल्या एका ताईंनी मला सरळ विचारलं होतं, "टीचर, लेंटमध्ये मुलांकडून नेमकं करून काय घ्यायचं? उपास त्यांना झेपत नाही, बायबलवाचनाला बसत नाहीत, आणि परीक्षा तर डोक्यावर." प्रश्न खरा आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षांची धावपळ, उन्हाचा तडाखा आणि रब्बीची काढणी. त्यात चाळीस दिवसांची शांतता आणायची कुठून?

माझं उत्तर साधं आहे. रोज पाच मिनिटं मुलाच्या हातात कागद द्या. तोही एकाच गोष्टीसाठी, दिवस मोजायला. लहान मुलाला 'संयम' हा शब्द कळत नाही, पण आजची कडी आजच फाडायची, उद्याची आज नाही, हे बरोबर कळतं. माझ्या धाकट्याला एकदा दोन कड्या एकदम फाडायच्या होत्या, म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्याचा तो उपासच होता.

आमच्या सासूबाई यावर हसतात. त्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या घरातल्या. "आमच्या काळी कुठं होतं एवढं लेंट-बिंट," म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. अमेरिकन मिशनची माणसं काँग्रिगेशनल परंपरेतली, प्युरिटन वळणाची. राखेचा बुधवार, जांभळा रंग ही त्यांच्या लेखी अँग्लिकन आणि कॅथोलिकांची बाब. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छपराखाली आल्या आणि हळूहळू लेंट आपल्याही घरात आलं. त्यामुळं ते कसं पाळायचं याचा जुना पाठ आपल्याकडं फारसा नाही. हे मला बरंच वाटतं. आपण आपला बसवू शकतो.

आता मोबाईलबद्दल थोडं. तुम्ही लेंटचे क्राफ्ट शोधता आणि समोर येतात ते परदेशातले. फोम शीट, ग्लू गन, चकाकी, गुगली डोळे, शिवाय ईस्टरचा ससा. सोलापूरच्या पोराला ससा कशाला हवाय? आणि त्यातले कितीतरी क्राफ्ट इंग्रजी शब्दखेळावर उभे असतात. मुलाचा पंजा हिरव्या कागदावर गिरवून कापायचा, तसे दहा-बारा पंजे काडीला चिकटवायचे आणि झावळी करायची, हा सगळ्यात आवडता प्रकार. का? तर इंग्रजीत तळहातही 'पाम' आणि ताड-माडही 'पाम'. मराठीत तळहाताचा झावळीशी काय संबंध? मी पहिल्यांदा तो केला तेव्हा एका मुलीनं विचारलंच, "टीचर, झाडाला हात का?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पुढं त्याच पंजानं मला जे शिकवलं ते सांगतेच.

विकतचं काही लागत नाही. आपल्याकडं आहे ते आधी बघा. यंत्रमागाच्या आणि टॉवेलच्या युनिटमधून सुताचे रिकामे कागदी कोन भंगारात जातात. मुकादमाला विचारून आठ-दहा आणा. कोन उलटा ठेवला की डोंगर, गुलगुथा तयार. आडवा कापला की छोटी कुंडी. चादरीच्या जुन्या मागावरचे, जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे कुणाकडं पडले असतील तर ते सोनं समजा. ईस्टरच्या पहाटे तो पुठ्ठा खिडकीला लावून बघा, भिंतीवर उजेडाचे ठिपके पडतात. पॅकिंगचे खोके, जुन्या लग्नपत्रिका, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, एवढ्यात लेंट निघतं. चिकटवायला खळ करा, चमचाभर मैदा आणि पाणी मंद आचेवर ढवळून. सुताला खळ देतात त्या शहरातल्या मुलांना हा शब्द शिकवायला लागत नाही. फक्त टिकावी म्हणून काही जण तिच्यात मोरचूद घालतात, ते अजिबात नको, पोरं बोटं चाटतात. खळ रोज ताजी करा.

कागदाची चटई विणण्याचा प्रकार मात्र मला फार जवळचा आहे. जांभळ्या कागदाला उभ्या चिरा पाडायच्या आणि पांढऱ्या पट्ट्या एकीच्या वरून, एकीच्या खालून ओवत न्यायच्या. हा खेळ जर्मन शिक्षक फ्रोबेलचा. 'किंडरगार्टन' हे नाव त्यानं 1840 मध्ये दिलं, आणि कागद दुमडणं, विणणं, टोचणं, कापणं हे त्याच्या शाळेतले रोजचे उद्योग होते. आपल्या सोलापुरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी त्याच वळणाचं किंडरगार्टन चालवलं. म्हणजे बघा, कागदी चटई सोलापुरात नवी नाही, आणि विणणं तर मुळीच नाही. एका वर्गात मी पट्ट्या ओवून दाखवत होते, तर एक सात वर्षांचा मुलगा उठून म्हणाला, "टीचर, तुमचा ताणा ढिला पडलाय." त्याचे वडील मागावर. त्या दिवशी पुढचं त्यानंच शिकवलं.

वधस्तंभाचा एक प्रकार जरा सविस्तर सांगते, कारण यात मोठ्यांनाही गंमत वाटते. एक कागद, एक कात्री आणि एकच काप. कार्यालयात वापरतात तो ए-फोर कागद उभा धरा. वरचा उजवा कोपरा तिरका खाली आणून डाव्या कडेवर ठेवा, वरची कड डाव्या कडेवर बरोबर बसली पाहिजे. आता डावीकडं वर एक टोक राहील. ते तिरकं खाली उजवीकडं आणा. घरासारखा आकार होतो, वर छप्पर आणि खाली भिंत. हे घर मधोमध उभं दुमडा. मग दुमडीपासून बोटभर अंतर सोडून, दुमडीला समांतर, खालून वर सरळ कापत जा. दुमडीकडची पट्टी उलगडा. वधस्तंभ हातात येतो, तोही खालचा भाग लांब असलेला. कागद 21 सेंटिमीटर रुंद आणि 29.7 लांब असतो, तो वरचा 8.7 सेंटिमीटरचा फरकच खालचा लांब भाग होतो. चौकोनी कागद घेतला तर नुसतं अधिकचं चिन्ह निघतं. आठवीच्या मुलाला विचारा असं का होतं, तो भूमितीची वही काढेल.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं? इंग्रजी पुस्तकांत या क्राफ्टबरोबर एक गोष्ट येते, तुकडे जुळवले की नरकाचा इंग्रजी शब्द तयार होतो अशी. मराठीत ती जमत नाही, आणि जमली असती तरी मी सांगितली नसती. सहा वर्षांच्या मुलाला कात्रीच्या टोकावर नरक दाखवायची मला गरज वाटत नाही. आमची मुलं त्या तुकड्यांची यरुशलेमची घरं करतात. तिरकी छपरं आयतीच मिळतात.

आता त्या पंजाबद्दल.

एका वर्षी मी घरी करायला दिलं होतं, आईचा किंवा बाबांचा पंजा कागदावर गिरवून आणा, झावळ्यांच्या रविवारी सगळे पंजे एका काडीवर लावू. एक मुलगी पप्पांचा पंजा घेऊन आली. त्यात चार बोटं होती आणि पाचव्याच्या जागी छोटासा गोळा. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसमध्ये त्यांचं बोट गेलं होतं, हे मला माहीत होतं. मुलांना नव्हतं. दोघं-तिघं खिदळले, "हे बघ, बोट कापायचं विसरली." तिनं कागद पाठीमागं लपवला. मी काही बोलणार तेवढ्यात तिनंच विचारलं, "टीचर, येशू उठल्यावर त्याच्या हाताला भोकं होती?"

मी म्हटलं, होती. योहानानं विसाव्या अध्यायात लिहिलंय, थोमाला ती पाहायला सांगितली. "उठल्यावर पण? बरी नाही झाली?" मी म्हटलं, जखमेच्या खुणा राहिल्या.

"मग चालेल," ती म्हणाली आणि पप्पांचा पंजा तिनं स्वतः काडीच्या अगदी टोकाला लावला. त्या दिवसानंतर 'झाडाला हात का' या प्रश्नाची मला भीती वाटत नाही.

हे एवढं मोठं सांगितलं ते यासाठी की बऱ्याच पालकांना उत्तम शुक्रवारची भीती वाटते. खिळे, रक्त, मरण लहान मुलांना कसं सांगायचं? माझा अनुभव असा की सहा वर्षांखालच्या मुलांपुढं खिळे-हातोडा मांडू नयेत. गाढव, जेवणाचं मेज, बाग आणि कबरेवरचा दगड एवढं पुरतं. खोक्याची कबर, पुठ्ठ्याचा गोल दगड, ईस्टरच्या पहाटे मुलानं तो स्वतः लोटायचा. मोठी मुलं विचारतात तेव्हा उत्तर द्या, आणि आधी ऐका. त्यांच्या घरात, कॉलनीत, पप्पांच्या कारखान्यात त्यांनी जे पाहिलंय ते घेऊन ती विचारत असतात. आणि खऱ्या बाभळीच्या काट्यांचा मुकुट करू नका. आपल्याकडं वेडी बाभूळ जागोजाग आहे म्हणून दरवर्षी कुणीतरी करतं, आणि दरवर्षी कुणाच्या तरी पायात काटा मोडतो. कागदाच्या पिळलेल्या पट्ट्यांचा चांगला होतो.

ग्रीसमध्ये लेंटसाठी एक कागदी बाई करतात, तिची गोष्ट मला फार आवडते. तिला तोंड नसतं, कारण तिचा उपास. हात प्रार्थनेला जोडलेले, आणि पाय सात, लेंटच्या सात आठवड्यांचे. दर शनिवारी एक पाय कापायचा. शेवटचा पाय ईस्टरच्या आदल्या शनिवारी सुक्या अंजिरात लपवायचा, ज्याला सापडेल तो नशीबवान. आमच्या मुलांनी तिला 'लेंटबाई' नाव ठेवलं आणि नऊवारी नेसवली. शेवटचा पाय आम्ही शेंगपोळीच्या ताटाखाली लपवतो. ज्यांना रोज शेहेचाळीस कड्या जमणार नाहीत, नाईट शिफ्टमुळं रोजची पाच मिनिटंही निघत नाहीत, त्यांनी लेंटबाईच करावी. आठवड्यातून एकदाच कात्री लागते.

दुसरं काही नाही केलं तरी एक डबी करा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये 1975 साली कॅथोलिकांनी लेंटसाठी पुठ्ठ्याची एक डबी काढली, जेवणाच्या मेजावर ठेवायची. आपण साधं जेवायचं आणि वाचलेले पैसे भुकेल्यांसाठी तिच्यात टाकायचे. ती चाल पुढं सगळ्या देशभर गेली. त्याच्याही आधी, 1910 पासून, आपल्याच देशात मिझोराममधल्या बाया रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. बूहफाई थाम म्हणतात त्याला. आपल्याकडं ती मूठ ज्वारीची असू द्या. खोक्याची डबी मुलानं करायची, ज्वारीच्या डब्यातली मूठ रोज मुलानं टाकायची. मूठ मुलाचीच, तुमची नको. ती लहान असते, त्यात काय भरणार असं वाटेल. शेहेचाळीस मुठींनी काय भरतं ते ईस्टरला बघा आणि ते कुणाला द्यायचं हेही मुलालाच ठरवू द्या. एका वर्षी आमच्या वर्गाची ज्वारी हायवेवर ऊस नेणाऱ्या एका टोळीच्या तंबूत गेली. ते मुलांनीच ठरवलं होतं.

ज्वारीवरून आठवलं. जवळच्या मोहोळच्या शेती केंद्रातूनच 1930 च्या दशकात मालदांडी 35-1 हे वाण निवडलं गेलं, आणि रब्बीच्या कोरडवाहू रानात त्यानं किती वर्षं राज्य केलं हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तिची काढणी नेमकी लेंटमध्ये येते. योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूनं जमिनीत पडून मरणाऱ्या दाण्याबद्दल सांगितलं आहे. मुलाला ते वाचून दाखवा आणि झावळ्यांच्या रविवारी कापलेल्या कागदी कोनात माती भरून ज्वारी पेरा. मार्चच्या उन्हात ईस्टरपर्यंत दोन-तीन बोटं हिरवं येतं. दाणे घरच्या डब्यातले घ्या. बियाण्याच्या पिशवीतली औषध लावलेली ज्वारी मुलांच्या हातात देऊ नका.

शेजारची मुलंही येऊन बसतील. कागद आणि कात्री दिसली की पोरं जमतातच, त्यांना कुणाची जात-धर्म विचारायचा नसतो. बसू द्या. पण आधी त्यांच्या आईला विचारा, "काकू, आमच्याकडं लेंटचं काहीतरी चाललंय, तो बसला तर चालेल ना?" त्यांनी नको म्हटलं तर मनात काही धरू नका. हो म्हटलं तर होळीला त्यांच्या दारात आपली मुलंही जातील. 2027 मध्ये झावळ्यांचा रविवार 21 मार्चला आहे आणि होळी पौर्णिमा त्याला खेटूनच. कागदांवर रंगाचे ठिपके पडणार हे धरून चला.

शेवटी एक विनंती आहे, आणि ती जरा कडू लागेल. मुलाच्या हातातला कागद तुमच्या हातात घेऊ नका. कड्या वाकड्या होतील, खळ बाहेर येईल, वधस्तंभाचा एक हात लांब होईल. राहू द्या. फोटो काढून ग्रुपवर टाकायची घाईही करू नका. मी देवळाच्या प्रदर्शनात आईच्या हातच्या इतक्या सुंदर कबरा पाहिल्या आहेत की आता लांबूनच ओळखते. शिवाय एका वर्षी सगळंच करायचा हट्ट नको. साखळी आणि डबी, किंवा लेंटबाई आणि डबी, एवढं खूप झालं. मधले तीन दिवस कडी फाडायची राहून गेली तर चौथ्या दिवशी चार फाडा आणि पुढं चला.

2027 चा राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर 28 मार्चला. दिवस मोजून घ्या, शेहेचाळीसच भरतात. आणि सुताचे कोन आत्तापासूनच बाजूला काढून ठेवा, फेब्रुवारीत भंगारवाला आधी पोचतो.